महायंत्राची पाळी

मुंबईच्या एखाद्या चाळींत तिन्हीसांजेस दिवे लागतात, पंखा फिरूं लागतो, मुलें पुस्तकें उघडून बसतात; आणि हा दिवा लागावा म्हणून या क्षणीं कोण जागें आहे, असा प्रश्न घरांतील कोणाच्याहि मनांत येत नाहीं. तो येत नाहीं, हेंच त्या जागणाऱ्या माणसाच्या कामाचें यश म्हटलें पाहिजे. बिघाड झाला म्हणजेच ज्याची आठवण व्हावयाची, असा हा मनुष्य आहे.

सुशिक्षित घरांतील मुलास ‘मोठ्या कंपनींत’ नोकरी लागली म्हणजे पेढे वाटले जातात. पगार किती, राहावयास जागा मिळते कीं नाहीं, म्हातारपणाची तरतूद काय, एवढी चौकशी आप्तस्वकीय अगत्यानें करितात. परंतु मुलगा तेथें दिवसभर, किंवा रात्रभर, नेमकें काय करितो, हें त्याच्या आईबापांसहि पुष्कळदां सांगतां येत नाहीं. ‘तो प्लांटमध्यें असतो’, ‘तो कंप्यूटरवर असतो’, इतक्यावर उत्तर संपतें. हजारों माणसें आणि अवाढव्य यंत्रें एकत्र आणून चालविलेल्या संस्थेंत काम करणें म्हणजे काय, याचा उलगडा करावयाचा तर चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत् केंद्राइतकें बोलकें उदाहरण महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल.

चंद्रपूर, म्हणजे जुन्या लोकांचा चांदा, हा मूळचा अरण्याचा मुलूख. पूर्वेकडील गडचिरोलीचा भाग १९८२ सालीं निराळा जिल्हा झाला. तोंपर्यंत दोहोंचा मिळून एकच जिल्हा होता. वर साग-बांबूचें रान आणि खालीं दगडी कोळसा, अशी या भूमीची दुहेरी संपत्ति आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच वरोऱ्यास कोळशाची खाण निघाली. बांबूचा कागद करणाऱ्या बल्लारपूरच्या कंपनीचा जन्म १९४५ चा. पुढें चंद्रपूर शहराच्या उत्तरेस दुर्गापूर येथें, खाणींच्या अगदीं शेजारीं व इरई नदीवरील धरणाच्या आधारानें, महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळानें वीजकेंद्र उभारलें आणि त्याचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. १९९७ पर्यंत सात आणि २०१६ सालीं आणखी दोन, असे एकंदर नऊ संच येथें उभे राहिले. पहिले दोन आतां निवृत्त झाले असून उरलेल्या सातांची क्षमता २९२० मेगावॅट आहे. २००५ सालीं मंडळाचे विभाग पडले, तेव्हांपासून केंद्राची मालकी महानिर्मिति या सरकारी कंपनीकडे आहे. येथून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीचा एक तारमार्ग १९९९ पासून चालूं आहे. त्यावरून १५०० मेगावॅटपर्यंत वीज एका दमांत राज्याच्या दुसऱ्या टोंकास जाऊं शकते. चांद्याच्या रानांतला कोळसा मुंबईच्या बाजूस दिवा लावतो तो असा.

आंतील व्यवहार थोडक्यांत समजून घेतला पाहिजे. खाणींतून पट्ट्यांवरून व रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा येतो. भरलेली आख्खी वाघीण यंत्राच्या पकडींत धरून उपडी केली जाते. ढेंकळें फोडून सुपारीएवढीं केलीं जातात. लांबच लांब फिरत्या पट्ट्यांवरून तीं बॉयलरजवळच्या उंच कोठ्यांत जातात. तेथून चक्कींत पडून त्यांचें मैद्यासारखें बारीक पीठ होतें. गरम वाऱ्याच्या झोतानें हें पीठ भट्टींत फुंकलें जातें व हवेंतच पेट घेतें. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याच्या नळ्यांची जाळी. त्या पाण्याची वाफ होते, ती पुन्हां तापवून सुमारें ५४० अंशांपर्यंत नेतात, आणि तिच्या जोरावर टर्बाइनचें चक्र मिनिटास ३००० फेरे घेतें. त्याच दांड्यावर वीज उत्पन्न करणारें यंत्र बसविलेलें असतें. ५०० मेगावॅटचा एक संच पुऱ्या भारानें चालला तर ताशीं तीनशें टनांहून अधिक कोळसा खातो आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राख मागें ठेवतो. ती राख धुरांतून वेगळी काढावयाची, वाहून न्यावयाची. वाफेचें पुन्हां पाणी करावयाचें. तें पाणी इतकें शुद्ध ठेवावयाचें कीं नळीच्या आंत क्षाराचा थर बसूं नये. यांतील प्रत्येक कामाचा विभाग निराळा, यंत्रें निराळीं आणि माणसें निराळीं.

येथेंच मोठ्या संस्थेंतील कामाचा पहिला विशेष दिसून येतो. या भागांतील बुरूड बांबू फोडतो, त्याच्या कामट्या काढतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या हातांतून एक सूप किंवा टोपली पुरी होते. आपण काय केलें, हें त्याला डोळ्यांनीं दिसतें. टोपली वाईट झाली तर गिऱ्हाईक त्याच्या तोंडावर सांगतें. वीजकेंद्रांतील माणसाला हें सुख नाहीं आणि ही शिक्षाहि नाहीं. पट्ट्यावर पाळत ठेवणारा टर्बाइनपाशीं क्वचितच जातो. पाण्याची परीक्षा करणारी रसायनशाळेंतील मुलगी कोळशाच्या ढिगाकडे फिरकत नाहीं. आणि ज्याच्यासाठीं हें सारें चाललें आहे तो दिवा यांपैकीं कोणालाच दिसत नाहीं. कॉलेजांतून नुकता बाहेर पडलेला अभियंता प्रथम येथें येतो तेव्हां त्याच्या मनाचा एक विलक्षण गोंधळ उडतो. एवढ्या प्रचंड पसाऱ्यांत आपल्या वांट्यास आलेलें काम चार पंप आणि सहा झडपा एवढेंच, हें पाहून त्याला आपण क्षुद्र झालों असें वाटूं लागतें. ही भावना पहिलें वर्षभर तरी त्याची पाठ सोडीत नाहीं.

दुसरा विशेष म्हणजे निश्चलतेंतील जागरूकता. नियंत्रण कक्षांत शिरणाऱ्या पाहुण्याची बहुधा निराशा होते. बाहेर कानठळ्या बसविणारा घरघराट, आणि आंत थंड हवा, पडद्यांवरचे आकडे व आलेख, आणि त्यांच्याकडे पाहत बसलेलीं चारदोन माणसें. ‘हीं कांहींच करीत नाहींत,’ असें पाहुण्यास वाटतें. वस्तुतः तीं पाहत असतात, आणि पाहणें हेंच त्यांचें काम असतें. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, भट्टीचा ताव, धारव्यांची उष्णता व थरथर, असे शेंकडों आकडे पालटत असतात. पालटणें हा त्यांचा धर्मच आहे. त्यांतील कोणतें पालटणें नेहमींचें आणि कोणतें निराळें, हें ओळखण्यांत कसब आहे. तें पुस्तकांतून येत नाहीं. आईला तान्ह्या मुलाच्या रडण्यांतील भेद समजतो तसें हें ज्ञान सहवासानेंच येतें.

या जागरूकतेची एवढी गरज कां, तर विजेचा स्वभाव. धान्य कोठारांत भरून ठेवतां येतें, पाणी धरणांत अडवितां येतें. एका राज्यास पुरेल एवढी वीज मात्र साठवून ठेवण्याची सोय अजून झालेली नाहीं. ज्या क्षणीं जेवढी लागते त्या क्षणीं जवळजवळ तेवढीच उत्पन्न करावी लागते. देशांतील सर्व केंद्रें एका जाळ्यांत गुंफलेलीं असून सर्वांचीं यंत्रें सेकंदास पन्नास या एकाच तालावर चालतात. एखादा मोठा संच अकस्मात् बंद पडला कीं तो ताल ढळतो, दुसऱ्यांवर भार पडतो, आणि वेळेवर सांवरलें नाहीं तर एकामागून एक केंद्रें जाळ्यापासून सुटूं लागतात. ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचें जाळें कोसळलें, तेव्हां साठ कोटींहून अधिक लोकांच्या वस्तीच्या प्रदेशांत वीज गेली. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून चंद्रपुरास भार वाढविण्याची वा उतरविण्याची सूचना येते, तिच्यामागें हाच तोल असतो. असा संच आपल्या पाळींत ‘ट्रिप’ झाला म्हणजे नियंत्रण कक्षांत पुढचीं कांहीं मिनिटें कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. ज्यानें त्यानें आपापली जागा सांभाळावयाची असते. घाबरण्यास वेळ मिळतो तो नंतर, घरीं गेल्यावर.

यंत्र चोवीस तास चालतें. माणूस तसा चालूं शकत नाहीं. म्हणून दिवसाच्या तीन पाळ्या केलेल्या असतात, आणि सर्व व्यवहाराचें मर्म या पाळ्यांच्या सांध्यांत आहे. संस्थेची खरी परीक्षा यंत्र चालतांना होत नाहीं. एक माणूस उठून त्याच खुर्चीवर दुसरा बसतो, त्या दहापंधरा मिनिटांत ती होते. यास तेथील लोक ‘चार्ज देणें’ म्हणतात. जाणाऱ्यानें येणाऱ्यास सांगावयाचें: अमुक पंपाचा धारवा तापतो आहे, अमुक चक्कींतून कोळशाचें पीठ गळतें आहे, अमुक झडप दुरुस्तीस काढली आहे, तिकडे हात लावूं नका. तोंडीं सांगावयाचें तें वहींतहि लिहावयाचें, आणि येणाऱ्यानें तें वाचून सही करावयाची. दुरुस्तीस घेतलेल्या यंत्राचा ‘परमिट’ लिहिलेला असतो, त्याची वीज तोडून कुलूप घातलेलें असतें, वर फलक टांगलेला असतो. काम पुरें झाल्याची सही ज्याची त्यानें परत केल्यावांचून तें यंत्र कोणी चालूं करावयाचें नाहीं.

बाहेरच्या माणसास ही निव्वळ कारकुनी वाटण्याचा संभव आहे. ती कारकुनी नव्हे, याचें एक भयंकर उदाहरण परदेशांत घडून गेलें आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर उत्तर समुद्रांत ‘पायपर आल्फा’ नांवाचा तेल-वायु काढणारा एक मोठा मंच होता. ६ जुलै १९८८ रोजीं दिवसपाळीच्या लोकांनीं तेथील एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठीं काढली, त्या जागीं धातूची चकती बसविली, आणि काम अपुरें राहिल्यानें उरलेलें दुसऱ्या दिवशीं करावयाचें ठरविलें. झडप काढलेली आहे ही गोष्ट रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोंचली नाहीं. रात्रीं दुसरा पंप बंद पडला, तेव्हां त्यांनीं पहिला पंप चालूं केला. चकतींतून वायु फुटला, स्फोट झाला, आणि त्या आगींत १६७ माणसें मरण पावलीं. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या लॉर्ड कलन यांच्या चौकशी-अहवालांत पाळी बदलण्याच्या व परमिटाच्या या ढिलाईवर स्पष्टपणें बोट ठेवलेलें आहे. दोन पाळ्यांमध्यें जी गोष्ट सांगावयाची राहिली, तिची ही किंमत.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. आपला भाग क्षुद्र आहे, असें ज्या तरुणास पहिल्या वर्षीं वाटतें, त्याला दुसऱ्यातिसऱ्या वर्षीं निराळें दिसूं लागतें. मोठी संस्था ही जशी यंत्रांची जोडणी, तशीच ती परक्या माणसांनीं परस्परांवर टाकलेल्या विश्वासाची सांखळी आहे. ज्यानें चक्कीचा फलक टांगला त्याच्या अक्षरावर विसंबून दुसरा मनुष्य त्या चक्कीच्या पोटांत शिरतो. दोघांची कदाचित् तोंडओळखहि नसते. येथें स्वतःची चूक वहींत लिहिण्यास मोठें धैर्य लागतें, आणि ती न लिहिणें हा साधा खोटेपणा न राहतां एखाद्याच्या जिवावरचा प्रसंग होऊं शकतो. शहाणा पाळी-प्रमुख नव्या मुलास सर्वांत आधीं हेंच शिकवितो: यंत्र बिघडलें तर त्याची दुरुस्ती होईल, नोंद बिघडवूं नकोस.

या जीवनाचा भार शरीरास व संसारास सोसावा लागतो तो निराळाच. दर कांहीं दिवसांनीं पाळी फिरते. झोंपेचा नेम राहत नाहीं. घरांत भर दुपारीं पडदे ओढून मुलांना ‘हळू बोला, बाबा रात्रपाळी करून आले आहेत’ असें बजावावें लागतें. लक्ष्मीपूजनाच्या दिवशींहि कोणी तरी नियंत्रण कक्षांत बसलेला असतोच. किंबहुना त्या रात्रीं तर बसावेंच लागतें. चंद्रपूरचा वैशाख म्हणजे ४७ अंशांचा ताव. त्यांत बॉयलरच्या मजल्यांवर चढउतार करणाऱ्याची अवस्था सांगावयास नको. २०१० च्या उन्हाळ्यांत इरई धरणांतील पाणी इतकें आटलें कीं बहुतेक संच बंद ठेवावे लागले. एवढें मोठें महायंत्र, पण तेंहि अखेर एका लहानशा नदीच्या पाण्यावर जगतें, हें त्या वेळीं सर्वांस दिसलें. आणि रान तर दाराशींच आहे. ऊर्जानगरच्या वसाहतीभोंवतीं झुडुपें माजलेलीं आहेत, ताडोब्याचें अरण्य दूर नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें रात्रीं पाळी संपवून घराकडे निघालेला केंद्रांतील एक कामगार वाघाच्या हल्ल्यांत प्राणास मुकला. शहरांत वीज वापरणाऱ्यास तिच्या उत्पादनांतील हा धोका कोणत्याच बिलावर दिसत नाहीं.

आतां या सांखळीचा सर्वांत नाजूक दुवा कोणता, तें पाहिलें पाहिजे. अशा संस्थांत सर्व माणसें एकाच दर्जाचीं नसतात. कांहीं कायम नोकरींत असतात. त्यांना क्वार्टर, रजा, औषधपाणी, निवृत्तीची तरतूद असते. पट्ट्याखालीं सांडलेला कोळसा उपसणें, राखेच्या नळांची देखभाल, साफसफाई, अशीं पुष्कळशीं कामें मात्र कंत्राटदारांच्या कामगारांकडून करून घेतलीं जातात. हीं माणसें बहुधा आसपासच्या खेड्यांतील असतात; कंत्राट बदललें कीं त्यांची नोकरीहि डळमळूं लागते. यंत्राच्या सर्वांत निकट, धुळींत आणि राखेंत, दिवसभर तींच असतात. म्हणून पट्ट्याखालचा एखादा रोलर निराळा वाजूं लागला, कोठें जळका वास येऊं लागला, तर तें प्रथम त्यांच्याच ध्यानांत येतें. पडद्यावर आकडा हलण्यापूर्वींच त्यांच्या कानांस तें कळलेलें असतें.

पण तो कामगार तें बोलेल काय? ‘तुला काय विचारलें आहे?’ असें उत्तर एकदां मिळालें, किंवा काम थांबल्याचा दोष त्याच्याच माथीं आला, तर पुढच्या वेळीं तो गप्प राहील. त्यानें वहींत लिहावयाचें म्हटलें, तर ती वही त्याच्या हातीं नसते. अशा रीतीनें संस्थेचे सर्वांत तीक्ष्ण कान तिच्या स्वतःच्या उपयोगीं पडत नाहींत. कायम व कंत्राटी यांमधील वेतनाच्या अंतरावर पुष्कळ बोललें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु बोलण्याच्या अधिकारांतील अंतर त्याहून कमी गंभीर नाहीं. ज्या पाळी-प्रमुखास हें समजतें तो कक्षांतील खुर्ची सोडून रोज एकदां तरी पट्ट्याखालीं जातो, तेथील माणसास नांवानें हांक मारून ‘आज काय निराळें दिसलें?’ असें विचारतो, आणि त्यानें सांगितलेलें त्याच्या नांवानिशीं वहींत लिहितो. यास पैसा लागत नाहीं, नवें यंत्रहि लागत नाहीं. तरीहि तें सर्वत्र घडत नाहीं, याचें कारण माणसाच्या अहंतेंत शोधावें लागेल.

चंद्रपूर-गडचिरोलीकडचे पुष्कळ तरुण आज पुण्यास हिंजवडीला किंवा बंगळूरला संगणकाच्या कंपन्यांत जातात. तेथें धूळ नाहीं, भट्टी नाहीं. काम वातानुकूलित दिवाणखान्यांत चालतें. परंतु नियम तेच आहेत. लक्षावधि लोक वापरतील अशा एका प्रचंड रचनेंतील लहानसा भाग त्या मुलाच्या वांट्यास येतो. ती रचना रात्रींहि चालूंच असते. मध्यरात्रीं ती अडखळली तर त्याला उठावें लागतें, आणि आपल्या आधीं कोणी काय बदललें हें प्रामाणिकपणें लिहून ठेवलेलें असेल तरच त्याला वाट सांपडते. यंत्र पोलादाचें असो वा केवळ संकेतांचें असो, त्याच्याशीं झगडणाऱ्या माणसाचा आधार शेवटीं दुसऱ्या माणसाची खरी नोंद हाच असतो.

म्हणून मोठ्या कंपनींत जाणाऱ्या मुलास घरच्यांनीं पगाराबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा. तेथील सर्वांत लहान माणसास ‘हें चुकतें आहे’ असें न भितां सांगतां येतें काय? याचें उत्तर ‘होय’ असेल तर काम कितीहि कष्टाचें असो, मुलगा चांगल्या जागीं आहे असें समजावें. उत्तर ‘नाहीं’ असेल, तर पगाराचा आकडा कितीहि मोठा असला तरी त्या घरानें थोडें सावध राहावें. आणि मुलाच्या हातीं अधिकार आला म्हणजे तें उत्तर बदलण्याचें काम त्याचेंच आहे, हेंहि त्याला आतांपासून सांगून ठेवावें.

उजाडतें. चिमणीच्या टोंकावर पहिलें ऊन पडतें. रात्रपाळीचा मनुष्य वहींतील शेवटची ओळ लिहितो, येणाऱ्याच्या हातीं ती देतो, आणि जेवणाचा रिकामा डबा घेऊन बाहेर पडतो. त्याच वेळीं दूर मुंबईंत कोणी तरी सकाळच्या शाळेसाठीं मुलाला उठवीत दिव्याचें बटण दाबतें, आणि दिवा लागतो.